कुत्र्याला हार्टवर्म होऊ नये म्हणून काय काय करायचं: ह्यूस्टनच्या डासांमधून शिकलेलं सगळं

आमचा गुंड्या शेल्टरमधून घरी आला तो डिसेंबर महिना होता. अंदाजे दोन वर्षांचा, पिवळसर रंगाचा, एक कान उभा एक पडलेला. त्याच्या कागदांवर स्पष्ट लिहिलेलं होतं, हार्टवर्म (डासामुळे अंगात शिरणारा, हृदयाजवळ राहणारा किडा) निगेटिव्ह. आम्ही त्याच आठवड्यात महिन्याची गोळी चालू केली, एकही महिना चुकवला नाही, आणि जूनमध्ये व्हेटकडे साध्या चेकअपला नेलं तर पुढच्या पायातून काढलेलं दोन-तीन थेंब रक्त त्या छोट्या पांढऱ्या प्लास्टिकच्या टेस्टवर टाकल्यावर आठेक मिनिटांत जिथे काही उमटायला नको तिथे एक निळा ठिपका उमटला. पॉझिटिव्ह. मी व्हेटला म्हटलं, अहो पण आम्ही एकही गोळी चुकवली नाही. त्या म्हणाल्या, गोळी चुकली नाही, पण हा किडा तुमच्या घरी यायच्या आधीच त्याच्या अंगात होता.

शेल्टरची टेस्ट खोटी नव्हती. गोळीही खराब नव्हती. मला फक्त ती गोळी नक्की काय करते हेच माहीत नव्हतं, आणि नंतर इथल्या ओळखीच्या मराठी घरांमध्ये विचारत गेले तर जवळजवळ कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांना वाटतं की एक तारखेला गोळी दिली की पुढचा महिनाभर कुत्रा सेफ. तसं नाहीये. ही गोळी मागच्या महिन्यात शिरलेल्या अळ्या मारते. पुढे येणाऱ्या डासाला ती अडवत नाही. हे एक वाक्य डोक्यात बसलं की बाकीचे सगळे नियम, म्हणजे टेस्ट कधी करायची, डोस चुकला तर काय, हिवाळ्यात का थांबायचं नाही, हे आपोआप कळायला लागतात.

मी व्हेट नाही. कुत्रं पाळणारी एक बाई आहे, पण हे सगळं ट्रीटमेंटसकट स्वतः अनुभवलंय आणि व्हेटला शंभर प्रश्न विचारून समजून घेतलंय. डोस आणि औषध मात्र तुमच्या व्हेटनेच ठरवायचं.

आधी हा किडा शरीरात कसा वाढतो ते बघा

नाव डायरोफिलेरिया इमायटिस. डास एखाद्या हार्टवर्म झालेल्या कुत्र्याला (किंवा कोयोटीला, म्हणजे कोल्ह्यासारख्या जंगली प्राण्याला, आमच्या इकडे बायूच्या, म्हणजे संथ ओढ्यांच्या कडेने ते भरपूर फिरतात) चावतो तेव्हा रक्ताबरोबर मायक्रोफिलेरिया म्हणजे अगदी बारीक, डोळ्याला न दिसणारी पिल्लं त्याच्या पोटात जातात. डासाच्या अंगात ती वाढतात, हवा गरम असेल तर दहा ते चौदा दिवसांत तयार होतात, थंडीत वाढ मंदावते आणि साधारण १४ अंश सेल्सियसच्या खाली थांबतेच. मग तोच डास दुसऱ्या कुत्र्याला चावला की त्या अळ्या चावलेल्या जागेवर उतरतात आणि भोकातून कातडीखाली शिरतात.

इथून पुढचं नीट वाचा. पहिले काही आठवडे त्या अळ्या कातडीखाली आणि स्नायूंमध्येच असतात, कात टाकत मोठ्या होतात. पन्नास ते सत्तर दिवसांच्या आसपास त्या शेवटची कात टाकतात, मग रक्तात उतरतात आणि हृदयातून फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमन्यांमध्ये जाऊन बसतात. सहा-सात महिन्यांत त्या पूर्ण मोठ्या होऊन स्वतः पिल्लं सोडायला लागतात. मादी पंचवीस ते तीस सेंटिमीटर, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीएवढी लांब आणि शेवयांसारखी बारीक. कुत्र्याच्या अंगात त्या पाच ते सात वर्षं जगतात.

महिन्याची गोळी फक्त त्या लहान, कातडीखालच्या अळ्या मारते. पन्नास-बावन्न दिवसांच्या पुढे गेलेल्या अळीवर तिचा भरवसा धरता येत नाही. आणि व्हेटकडे होते ती रक्ताची टेस्ट मोठ्या मादीने सोडलेलं प्रोटीन शोधते, त्यामुळे चावल्यापासून साधारण सहा महिने होईपर्यंत ती निगेटिव्हच येते. मध्ये जो हा चार-साडेचार महिन्यांचा अंधार आहे ना, ज्यात गोळीही लागू पडत नाही आणि टेस्टही दाखवत नाही, त्यात आमचा गुंड्या सापडला. त्याला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रस्त्यावर असताना डास चावला असणार, डिसेंबरमध्ये टेस्ट काही दाखवणं शक्यच नव्हतं, आणि आमची पहिली गोळी पोटात गेली तोवर अळ्या पुढे निघून गेल्या होत्या.

पायरी १: गोळीच्या आधी टेस्ट, आणि सहा महिन्यांनी परत टेस्ट

कुत्रा सात महिन्यांपेक्षा मोठा असेल तर कुठलंही औषध चालू करायच्या आधी रक्ताची टेस्ट करायचीच. दोन प्रकारच्या असतात, एक ती प्रोटीनवाली अँटिजेन टेस्ट आणि दुसरी मायक्रोस्कोपखाली रक्तात मायक्रोफिलेरिया आहेत का ते बघायची. अमेरिकन हार्टवर्म सोसायटी (१९७४ पासून फक्त ह्याच रोगावर काम करणारी संस्था आहे) दोन्ही करायला सांगते, कारण एकच केली तर निसटायची शक्यता राहते, उदाहरणार्थ अंगात फक्त नरच असतील तर अँटिजेन टेस्टला ते दिसत नाहीत.

आधी टेस्ट का, तर रक्तात मायक्रोफिलेरिया भरपूर असतील आणि आपण सरळ गोळी देऊन टाकली, विशेषतः मिल्बेमायसिन हे औषध असलेली, तर सगळ्या एकदम मरून कुत्रा शॉकमध्ये जाऊ शकतो. इंटरनेटवर एखादी व्यक्ती सांगेल की काही होत नाही, द्या. देऊ नका.

पिल्लू असेल तर सोपं आहे. आठ आठवड्यांच्या आत औषध चालू करायचं, टेस्टची वाट बघायची नाही कारण एवढ्या लहान वयात ती काही दाखवणारच नाही. पहिल्या डोसनंतर सहा महिन्यांनी टेस्ट, मग आणखी सहा महिन्यांनी, मग दरवर्षी.

मोठा कुत्रा दत्तक घेतला असेल तर शेल्टरचा निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे अर्धीच बातमी समजा. घरी आल्यापासून सहा महिने मोजा आणि ती तारीख आजच कॅलेंडरवर टाका. २००५ मध्ये कतरिना वादळानंतर लुइझियानातून हजारो कुत्री अमेरिकेभर वेगवेगळ्या राज्यांत नेली, चांगल्या मनाने नेली, पण त्यातल्या बऱ्याच जणांच्या अंगात हा किडा होता आणि जिथे हार्टवर्म फारसा दिसत नव्हता तिथेही तो पोचला. आजही दक्षिणेतल्या शेल्टरमधून उत्तरेला गाड्या भरून कुत्री जातात. तेव्हा न्यू जर्सीत एडिसनला किंवा शिकागोला राहता म्हणून तुमचा काही संबंध नाही असं नाही, तुमच्या शेजारचा गोड कुत्रा टेक्सासहून आलेला असू शकतो.

पायरी २: औषध निवडताना

इथे अमेरिकेत हार्टवर्मचं कुठलंही औषध प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाही. ऑनलाइन फार्मसीसुद्धा तुमच्या व्हेटला विचारूनच पाठवते, आणि व्हेट वर्षाची टेस्ट झाल्याशिवाय बहुतेक वेळा रिफिल देत नाही. सुरुवातीला मला हे पैसे काढायचं तंत्र वाटायचं, आता वाटत नाही, टेस्टशिवाय गोळी का नको ते वर लिहिलंच आहे.

महिन्याच्या चघळायच्या गोळ्यांमध्ये साधी जुनी म्हणजे हार्टगार्ड प्लस, त्यात आयव्हरमेक्टिन असतं आणि पोटातल्या काही जंतांसाठी पायरँटेल. इंटरसेप्टर प्लसमध्ये मिल्बेमायसिन आणि टेपवर्मसाठी प्राझिक्वांटेल. मग सगळं-एकात वाल्या, सिंपारिका ट्रायो, नेक्सगार्ड प्लस, क्रेडेलिओ क्वाट्रो, ज्यात हार्टवर्मसाठी मॉक्सिडेक्टिन आणि शिवाय पिसवा-गोचीडसाठी वेगळं औषध असतं. आमच्याकडे गवतात गोचीड एवढे असतात की मला एकात सगळं बरं वाटतं, पण एक गोष्ट विचारून घ्या: ह्या गोचीडवाल्या औषधांच्या कुटुंबाला आयसोक्झाझोलिन म्हणतात आणि काही कुत्र्यांमध्ये त्याने कंप सुटणं, फिट येणं असं दिसल्यामुळे एफडीएने (अमेरिकेची औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०१८ मध्ये तशी सूचना काढली. बहुतेकांना काही होत नाही, पण तुमच्या कुत्र्याला कधी फिट आलेली असेल तर व्हेटला पहिलं वाक्य तेच सांगा.

गोळी नको असेल तर मानेवर लावायचं लिक्विड आहे, रिव्होल्यूशन किंवा अ‍ॅडव्हांटेज मल्टी. आणि इंजेक्शन आहे, प्रोहार्ट, सहा महिन्यांचं एक आणि बारा महिन्यांचं एक, बारावालं फक्त वर्षाच्या वरच्या कुत्र्याला. ज्यांना तारखा लक्षात राहत नाहीत किंवा दरवर्षी पाच आठवडे भारतात जातात त्यांनी ह्याचा नक्की विचार करावा.

आता एक आपल्या घरांमधला विषय, कोणी उघड बोलत नाही पण मला दोन-तीन जणींनी हळूच विचारलंय. हार्टगार्ड प्लसच्या तुकड्यात खरं बीफ असतं. इंटरसेप्टर प्लस चिकनच्या चवीची आहे. ज्यांच्या घरात बीफ येतच नाही, देवघर आहे, सासूबाई आलेल्या आहेत, त्यांना ते पाकीट हातात घ्यायलाही नको वाटतं, आणि मी अशी घरं बघितलीत जिथे ह्याच कारणाने औषध मागेच पडलं. तुमच्या भावना योग्य आहेत, त्यासाठी कुत्र्याला उघडं ठेवायची गरज नाही. व्हेटला सरळ सांगा की आम्हाला बीफ नको, मानेवर लावायचं लिक्विड किंवा इंजेक्शन द्या. त्यांना ह्यात काही विचित्र वाटत नाही, फूड अ‍ॅलर्जी असलेल्या कुत्र्यांसाठी ते हेच करतात.

कॉली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड, शेल्टी ह्या जातींचे लोक आयव्हरमेक्टिनला घाबरतात. भीतीला कारण आहे, ह्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्यात एमडीआर१ नावाचा जीन बिघडलेला असतो आणि मोठा डोस थेट मेंदूत पोचतो. पण हार्टवर्म प्रतिबंधाचा डोस इतका छोटा आहे, किलोमागे ६ मायक्रोग्रॅम, की लेबलप्रमाणे दिला तर त्यांनाही चालतो. जीनची टेस्ट गालाच्या आतून स्वॅब घेऊन होते, शेफर्ड मिक्स असेल तर करून ठेवा, पुढे इतर औषधांसाठीही उपयोगी पडते.

पायरी ३: गोळी प्रत्यक्ष देताना

वजन करा. अंदाजाने नको, खरंच काट्यावर. पाकिटांचे रंग वजनाप्रमाणे असतात, हार्टगार्ड प्लसचंच बघा, २५ पाउंडपर्यंत निळं, २६ ते ५० हिरवं, ५१ ते १०० ब्राऊन. वाढत्या पिल्लाचं तर दर महिन्याला बघायचं, सहा महिन्यांचं पाकीट एकदम घेतलं आणि पिल्लू तिसऱ्याच महिन्यात पुढच्या गटात गेलं असं सर्रास होतं.

चघळायला लावा. गुंड्या हावरट, तो आख्खी गिळायचा, म्हणून मी तीन तुकडे करून एकेक देते आणि प्रत्येक वेळी जबडा हलतोय ना ते बघते. काही कुत्री भलती चलाख असतात, गालात धरून ठेवतात आणि सोफ्यामागे जाऊन टाकतात. माझ्या मैत्रिणीला सोफा हलवल्यावर अशा दोन गोळ्या सापडल्या, म्हणजे दोन महिने ते कुत्रं बिनऔषधाचं आणि घरच्यांना वाटतंय सगळं व्यवस्थित चाललंय. दिल्यावर काही मिनिटं तिथेच बसा, आणि पुढचे दोनेक तास उलटी होत नाही ना बघा. झाली तर स्वतःच दुसरी देऊ नका, फोन करून विचारा, किती वेळाने उलटी झाली त्यावर ठरतं.

तारीख एकच ठेवा. मी एक तारीख ठेवलीय कारण त्याच दिवशी भाडं भरायचं असतं. फोनवर रिमाइंडर आहेच पण रिमाइंडर आपण अंगठ्याने उडवतो, म्हणून फ्रिजवर कागदही आहे आणि गोळी दिली की रिकामं फॉइल त्या कागदाला टेपने चिकटवते. ‘दिली का गं?’ ‘मला वाटलं तू दिलीस’ हा संवाद त्या दिवसापासून बंद झाला.

मोठ्या कुत्र्याची गोळी अर्धी करून दोन छोट्या कुत्र्यांना वाटणं, हा पैसे वाचवायचा प्रकार मी ऐकलाय. करू नका, औषध तुकड्यात सगळीकडे सारखं पसरलेलं असेलच असं नाही.

डोस चुकला तर

हिशोब मांडून दाखवते म्हणजे कायमचं लक्षात राहील. समजा १ जूनला गोळी दिली. १ जुलैची विसरली. १ ऑगस्टला आठवण झाली. २ जूनला जो डास चावला त्याच्या अळ्या आता साठ दिवसांच्या झाल्या, म्हणजे बावन्नच्या रेषेच्या पलीकडे. जुलैत चावलेल्या सगळ्या ऑगस्टच्या गोळीने मरतील, पण जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या निसटल्या असू शकतात.

मग करायचं काय? आठवण झाली त्या क्षणी गोळी द्यायची, ‘आता पुढच्या एक तारखेलाच देऊ’ असं म्हणायचं नाही. व्हेटला खरं सांगायचं, कोणी ओरडत नाही. खूप मोठी गॅप असेल, दोन-तीन महिन्यांच्या पुढची, तर आधी फोन, कारण ते लगेच टेस्ट करतील, पण त्या टेस्टचा निगेटिव्ह आला म्हणून सुटलो असं समजू नका, ती फक्त जुनी भानगड नाही एवढंच सांगते. खरी टेस्ट चुकलेल्या डोसनंतर सहा-सात महिन्यांनी, म्हणजे ह्या उदाहरणात जानेवारी-फेब्रुवारीत, आणि मग वर्षाने परत.

चार-पाच दिवस उशीर झाला तर घाबरून जाऊ नका, द्या आणि पुढे चला. पण ती सवय होऊ देऊ नका.

हिवाळ्यात बंद करायचं का, हा प्रश्न मला उत्तरेकडचे सगळे विचारतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये इथे टेक्सासमध्ये पाइप फुटण्याएवढी थंडी पडली होती, तरी हवा उबदार झाल्यावर डास हजर झालेच. शहरात गटारं असतात, गॅरेज असतात, घरांची ऊब असते, डास टिकतात. आणि परत तेच, नोव्हेंबरची गोळी ऑक्टोबरसाठी असते, त्यामुळे ‘थंडी आली, बंद करू’ म्हणणारा माणूस नेमकी शेवटच्या महिन्याची सफाई चुकवतो. हार्टवर्म सोसायटीचं म्हणणं सरळ आहे, बारा महिने औषध आणि बारा महिन्यांनी टेस्ट.

पायरी ४: डास कमी करा

औषधाला पर्याय म्हणून नाही, जोडीला. कुत्रा पूर्ण वेळ घरात असतो म्हणून डास चावणार नाही हे विसरा, दार उघडलं की डास आत येतो, तुम्हाला घरात चावतात ना, मग त्यालाही चावतात.

साचलेलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून टाकायचं, कारण अंड्यापासून उडणारा डास व्हायला गरमीत सात ते दहा दिवस पुरतात. आमच्या बॅकयार्डमध्ये मी सगळीकडे शोधलं, छपराचे गटर साफ केले, पोरांची खेळणी उपडी केली, आणि डासांच्या अळ्या सापडल्या कुठे तर तुळशीच्या कुंडीखालच्या बशीत. रोज सकाळी पाणी घालायचं, थोडं खाली बशीत उतरायचं, आणि तिथे बारीक काळ्या अळ्या वळवळत होत्या. आता त्या बशीत वाळू भरलीय, जास्तीचं पाणी वाळू पिऊन घेते. एसीच्या पाइपखालची जागा, ताडपत्रीच्या घड्या, कुत्र्याचं स्वतःचं बाहेरचं पाण्याचं भांडं, हेही बघा. जिथे पाणी काढताच येत नाही, छोटं तळं वगैरे, तिथे बीटीआयच्या चकत्या मिळतात हार्डवेअरच्या दुकानात, त्यात डासाच्या अळ्या मारणारा बॅक्टेरिया असतो आणि कुत्र्याला त्याने अपाय होत नाही.

संध्याकाळच्या डासांची सगळ्यांना कल्पना असते, पण पट्टेरी एडिस डास दिवसाढवळ्याही चावतो आणि हार्टवर्म तोही पसरवतो. पॅटिओवर मोठा पंखा लावा, डास वाऱ्यात नीट उडू शकत नाही. आपलं ओडोमॉस किंवा इथले डीटवाले स्प्रे कुत्र्याच्या अंगावर अजिबात नाही, ते चाटून पोटात जातं. कुत्र्यांसाठी पर्मेथ्रिनचं मानेवर लावायचं औषध मिळतं, त्याने डास पळतात, पण घरात मांजर असेल तर ते आणू नका, पर्मेथ्रिन मांजरीला विष आहे.

ह्या गोष्टी मात्र करू नका

लसूण. आपल्याकडचा आवडता सल्ला, जेवणात थोडा लसूण द्या, किडे मरतात. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या लाल पेशी फोडतात, आणि हार्टवर्मवर त्याचा काहीही उपयोग होत नाही. कडुनिंब, हळद, काळ्या अक्रोडाचे थेंब, ह्यातलं काहीही कातडीखालची अळी मारत नाही. मी स्वतः घरी सर्दीला हळद-दूध पिते, आयुर्वेदाबद्दल मला आदर आहे, पण इथे नको. आणि हार्टवर्मची लसही नाहीये, कोणी ‘सगळी इंजेक्शनं झालीत’ म्हणाला तर त्यात हे आलेलं नसतं.

दुसरं, गुराढोरांचं आयव्हरमेक्टिन. इथे शेतीच्या दुकानात ते स्वस्त मिळतं आणि लोक थेंब मोजून कुत्र्याला पाजतात. हिशोब करा. एक टक्का इंजेक्शन म्हणजे एका मिलीलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. दहा किलोच्या कुत्र्याचा महिन्याचा डोस ६० मायक्रोग्रॅम, म्हणजे ०.००६ मिलीलिटर. एक थेंब साधारण ०.०५ मिलीलिटरचा, त्यात ५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे एकाच थेंबात आठपट. शेफर्ड मिक्सच्या पोटात असे थोडे थेंब जास्त गेले तर तो कोसळू शकतो, आंधळा होऊ शकतो, कोमात जाऊ शकतो. पैशांची अडचण असेल तर व्हेटला तसं सांगा, स्वस्तातली साधी गोळी असते, शिवाय शेल्टर आणि संस्थांचे कमी खर्चाचे क्लिनिक दिवस असतात.

ट्रीटमेंटबद्दल थोडंच

मेलार्सोमीन नावाचं आर्सेनिकपासून केलेलं इंजेक्शन, कमरेच्या स्नायूत खोल, एकूण तीन. त्याच्या आधी महिनाभर डॉक्सिसायक्लिन. खर्च हजार डॉलरच्या वर सहज जातो. पण पैशापेक्षा अवघड काय तर, मेलेल्या किड्यांचे तुकडे फुप्फुसात अडकू नयेत म्हणून कुत्र्याला महिनोन्‌महिने पळू द्यायचं नाही, उड्या नाहीत, जिने नाहीत, शी-शूलासुद्धा पट्ट्यावर. खार दिसली की गुंड्या खिडकीवर उसळायचा, म्हणून आम्ही खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला ब्राऊन पेपर लावला. तो त्या कागदासमोर बसून राहायचा, कान खारीच्या आवाजाकडे. तिसऱ्या इंजेक्शनच्या रात्री कमरेला हात लागू देत नव्हता, मी त्याच्या क्रेटला पाठ टेकून सकाळपर्यंत जमिनीवर बसले होते.

सुरुवातीला लक्षणं काहीच नसतात हेही सांगून ठेवते. मग कोरडा खोकला, नेहमीच्या वॉकमध्ये मध्येच बसणं, वजन उतरणं, पुढे पोटात पाणी. एकदम गळून गेला, हिरड्या पांढऱ्या आणि लघवी कॉफीच्या रंगाची झाली तर सकाळची वाट न बघता इमर्जन्सीला न्या.

भारतातून कुत्रा आणणार असाल, किंवा भारतातच असाल

पुण्याहून कुत्रा घेऊन येणारी घरं आता खूप आहेत. १ ऑगस्ट २०२४ पासून सीडीसीचे (अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था) नियम कडक झालेत, रेबीजसाठी भारत हाय रिस्क यादीत आहे, मायक्रोचिप लागते, कुत्रा किमान सहा महिन्यांचा लागतो, त्या कागदांमध्ये सगळे इतके दमतात की हार्टवर्म कोणाच्या डोक्यातही येत नाही, आणि सीडीसी ते मागतही नाही. तुम्ही स्वतःहून करा. निघायच्या आधी टेस्ट, इथे आल्यावर पहिल्या महिन्यातच औषध चालू, सहा महिन्यांनी परत टेस्ट.

भारतात हा किडा जास्त करून ईशान्येकडे, आसाम-मिझोरामकडे दिसतो. मुंबई आणि केरळकडे त्याचा भाऊबंद जास्त सापडतो, डायरोफिलेरिया रेपन्स, तोही डासानेच येतो पण कातडीखाली राहतो, हृदयात जात नाही. दोघांची पिल्लं मायक्रोस्कोपखाली बरीच सारखी दिसतात. म्हणून मुंबई-पुण्यात रक्तात मायक्रोफिलेरिया सापडले असं सांगितलं तर ‘कुठला आहे हे कळलं का, अँटिजेन टेस्ट केली का’ हा प्रश्न नक्की विचारा, हार्टवर्मचं जड औषध उगाच चालू व्हायला नको. महाराष्ट्रात रोजची डोकेदुखी खरं तर गोचीडतापाची आहे, एर्लिकिया आणि बबेसिया. तिथे वापरतात त्या एका स्नॅप टेस्टमध्ये एर्लिकिया आणि हार्टवर्म दोन्ही बघून होतं, एकाच रक्तात काम होतं. फौजेतली बदली होऊन कुत्र्यासकट आसामला चालला असाल तर मात्र जायच्या आधीच व्हेटशी बोलून महिन्याचं औषध चालू करा.

भारतात सुट्टीला जाताना

आपल्या लोकांचे डोस सगळ्यात जास्त इथेच चुकतात. डिसेंबरात पाच आठवडे, कुत्रा शेजाऱ्यांकडे किंवा बोर्डिंगला, आणि एक तारीख बरोबर मध्ये येते. तिकीट काढलं त्याच दिवशी बघा की किती डोस मध्ये पडतात. पाकिटातून तेवढ्याच गोळ्या काढून वेगळ्या लिफाफ्यात ठेवा, आख्खं पाकीट देऊ नका, कोणी ट्रीट समजून दुसऱ्या दिवशी परत देतं.

मी लिफाफ्यावर जे लिहिते ते जसंच्या तसं इथे देते, हवं तर उतरवून घ्या, आपल्या शेजाऱ्यांच्या भाषेत करून:

‘गुंड्या, ५२ पाउंड. १ जानेवारी, संध्याकाळच्या जेवणानंतर. तीन तुकडे करून एकेक द्या, गिळेपर्यंत तिथेच थांबा. गालात धरली नाही ना, तोंड उघडून बघा. उलटी झाली तर दुसरी देऊ नका, खालच्या नंबरवर व्हेटला फोन करा. दुसऱ्या कुत्र्याला ही गोळी देऊ नका. झालं की रिकाम्या फॉइलचा फोटो मला पाठवा, आमच्याकडे रात्र असली तरी चालेल.’